सारंगखेड्याचा घोडेबाजार नीट बघायचा तर: ठाणे-नवी मुंबईहून निघण्यापासून परत येईपर्यंत

मार्गशीर्ष लागला की ठाण्यातली, ऐरोलीतली, खारघरमधली ओळखीची माणसं दरवर्षी तीच चूक करतात. पहाटे पाचला गाडी काढतात, दुपारी एक-दोनला सारंगखेड्याला पोहोचतात, उन्हात डोळे अर्धवट मिटून उभे असलेले घोडे बघतात, संध्याकाळी पाळण्यांच्या गर्दीत अडकतात आणि रात्री परत फिरतात. घरी आल्यावर सांगतात, ‘‘गर्दी फार, घोडे नुसते उभे होते.’’ जाऊन-येऊन साडेसातशे-आठशे किलोमीटर हिंडून हातात एवढंच पडतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

घोडेबाजाराचं वेळापत्रक घोड्याच्या दिनक्रमावर चालतं. उजाडताना पाणी, मग चंदीचा तोबरा (तोंडाला बांधलेली दाण्याची पिशवी), मग खरारा म्हणजे ब्रशने अंग घासणं, त्यानंतर रपेट. नऊ-दहापर्यंत हे सगळं आटोपतं. दुपारी घोडा विश्रांती घेतो. चारनंतर पुन्हा फेरी, चाल दाखवणं, सौदे. म्हणजे सकाळी साडेसहाला तुम्ही मैदानात उभे असायला हवेत. ही एक वेळ पक्की धरा आणि तिथून उलटं मोजत मागे या. खालचे सगळे टप्पे तसेच लावले आहेत.

१. आधी तिथी, मग तारीख

सारंगखेडा नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात, तापीच्या काठावर आहे. यात्रा एकमुखी दत्ताची, दत्तजयंतीची, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेची. घोडेबाजार आणि ‘चेतक फेस्टिव्हल’ तिला जोडून असतात. पहिली चूक इथेच होते. मागच्या वर्षीचा फोटो बघून त्याच तारखेची रजा टाकली जाते. दत्तजयंती २०२३ मध्ये २६ डिसेंबरला होती, २०२४ मध्ये १४ डिसेंबरला आणि २०२५ मध्ये ४ डिसेंबरला. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने ती पुन्हा डिसेंबरच्या उत्तरार्धात, २३ तारखेला जाते. तेव्हा रजेचा अर्ज कॅलेंडर उघडून, तिथी बघून लिहा.

दिवस कोणता निवडायचा? प्रत्यक्ष जयंतीचा दिवस दर्शनाचा. घोडे निवांत बघायचे असतील तर तो दिवस आणि त्याला लागून आलेला रविवार टाळा. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेशातले घोडेवाले जयंतीच्या आधीच येऊन दावणी लावतात आणि विकले गेलेले घोडे लगेच गाडीत चढून निघूनही जातात. म्हणून माझी पसंती जयंतीच्या आधीच्या दोन-तीन दिवसांना, तेही आठवड्याच्या मधल्या वारी. यात्रा जयंतीनंतरही बरेच दिवस चालते. पण उशिरा गेलात तर पाळणे आणि दुकानं तेवढीच राहतात, दावणी विरळ झालेल्या असतात.

तपासा: शर्यती, नाच आणि सौंदर्य स्पर्धा कोणत्या दिवशी आहेत हे त्या वर्षीच्या कार्यक्रमपत्रिकेतच बघा. ती उशिरा येते आणि आयत्या वेळी बदलते, म्हणून केवळ एका स्पर्धेच्या भरवशावर सगळा बेत ठरवू नका.

२. कोण येणार, हे आधीच ठरवा

हे बोलणं लोक टाळतात आणि मग मैदानात रुसवेफुगवे होतात. पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर एका मोठ्या माणसाचे दोन्ही हात पूर्णवेळ त्याच्यासाठी मोकळे हवेत. बाबागाडी नेऊच नका. जमिनीवर खुंट्या आणि दोर असतात, शिवाय चाकांच्या खडखडाटाने घोडा बिचकतो. दम्याचा त्रास असलेल्यांनी पंप खिशात ठेवावा, सॅकमध्ये नाही. धूळ आणि केस दोन्ही भरपूर असतात. गुडघेदुखीवाल्या आजी-आजोबांना सकाळची एक फेरी आणि मग दर्शन, एवढंच ठरवून न्या. दिवसभर उभं राहायला लावू नका.

आणि धनुर्वात. जिथे लीद पडते त्या मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. उघड्या खुंटीवर पाय खरचटणं तिथे अगदी सहज घडतं. शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं हे आठवत नसेल तर निघण्याआधी पंधरा दिवस आपल्या डॉक्टरांना विचारा. यात्रेहून आल्यावर घाबरून धावपळ करण्यापेक्षा हे सोपं आहे.

३. मुक्काम पक्का झाल्याशिवाय तिकीट काढू नका

क्रम उलटा केला की फसगत ठरलेली. सारंगखेडा गाव लहान आहे. यात्रेच्या काळात तिथे खोली मिळेल या आशेवर कुणी जाऊ नये. राहण्याची ठिकाणं तीन: शहादा, दोंडाईचा आणि नंदुरबार. दोंडाईचा धुळ्याकडून येताना आधी लागतं आणि तिथे रेल्वे स्टेशनही आहे, म्हणून ठाणेकरांना ते सोयीचं. शहादा पलीकडच्या बाजूला, तेही जवळच. नंदुरबार लांब पडतं, पण तिथे खोल्या जास्त. काही वर्षी मैदानाजवळ पर्यटकांसाठी तंबूही उभारले जातात. त्या वर्षी आहेत की नाहीत, आणि तंबूत रात्री पांघरूण काय देतात, हे दोन्ही विचारूनच पैसे भरा.

दोन रात्री ठेवा. पहिल्या रात्री फक्त पोहोचायचं आणि झोपायचं. दुसऱ्या दिवशी सकाळ आणि संध्याकाळ मैदानात. तिसऱ्या दिवशी नाश्ता करून परत. एकच रात्र शक्य असेल तर ती आधीची ठेवा, नंतरची नको. सकाळ हातची गेली की बाकी काय बघितलं याला फारसा अर्थ उरत नाही.

थांबा: खोलीवाल्याला फोनवर दोनच प्रश्न विचारा. पहाटे साडेपाचला दार उघडाल का? आणि गरम पाणी किती वाजल्यापासून? पहिल्याला ‘नाही’ असं उत्तर आलं तर दुसरीकडे बघा.

४. जायचं कसं

गाडीने: ठाण्याहून माजिवडा, भिवंडी बायपास, नाशिक, मालेगाव, धुळे. धुळ्याच्या पुढे आग्रा महामार्गावर सोनगीर लागतं. तिथे महामार्ग सोडून चिमठाणे, दोंडाईचा आणि मग सारंगखेडा. एकूण अंतर पावणेचारशे ते चारशे किलोमीटर. नकाशा काहीही दाखवो, चहा-जेवण धरून नऊ तास मोजा. सोनगीरच्या पुढचा रस्ता लहान आहे, ऊस आणि कापसाची वाहनं मागचा दिवा नसतानाही चालतात. म्हणून तो पट्टा अंधार पडायच्या आत पार होईल असं निघा. ठाण्यातून सकाळी सातला निघालात तर हे जमतं.

नवी मुंबईकरांनी वाशी-ऐरोलीहून ठाण्यात शिरायचं की कळंबोली-शिळफाटा-मुंब्रा बायपासने खारेगावला यायचं, हे निघताना वाहतूक बघून ठरवा. खारेगाव ते माणकोली-रांजनोली हा सगळ्यात बेभरवशाचा तुकडा आहे, तिथे तासभर सहज जातो. भिवंडीजवळच्या आमणेपासून समृद्धी महामार्गावर चढून इगतपुरीला उतरण्याचीही सोय आहे. हा ७६ किलोमीटरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि त्यामुळे कसारा घाट टळतो. फक्त समृद्धीवर दुचाकीला परवानगी नाही. बुलेटवरून जाणाऱ्या मंडळींनी हे ध्यानात ठेवा.

रेल्वेने: ठाणेकर इथे हमखास चुकतात, कारण सवयीने मध्य रेल्वेच्या गाड्या शोधत बसतात. दोंडाईचा आणि नंदुरबार ही स्टेशनं सुरत-भुसावळ मार्गावर आहेत. तिकडे मुंबईहून जाणाऱ्या थेट गाड्या पश्चिम रेल्वेवरून सुटतात. गाडीला बोरिवली आणि वसई रोड यांपैकी कुठे थांबा आहे ते बघा. वसईला थांबत असेल तर दिवा-वसई किंवा पनवेल-वसई गाडीने जाता येतं. त्या फेऱ्या मोजक्याच आहेत, तेव्हा मध्ये किमान दीड तास सुटा ठेवा. बोरिवलीच असेल तर घोडबंदर रोडने जायचं, आणि संध्याकाळची वेळ असेल तर गायमुखच्या कोंडीचा वेळ वेगळा धरायचा.

मध्य रेल्वेनेच जायचं तर ठाण्याला थांबणारी मुंबई-धुळे गाडी आहे. ती चाळीसगावावरून धुळ्याला जाते. पुढे दोंडाईचा-शहाद्याकडची एसटी. आरक्षण मिळालं नाही तर थेट एसटीची चौकशी खोपटच्या आगारात करा. यात्रेसाठी धुळे, दोंडाईचा, शहादा, नंदुरबार या बाजूंनी जादा गाड्या सुटतात.

५. पिशवीत काय

खानदेशातला डिसेंबर ठाणेकराला फसवतो. धुळे-नंदुरबारकडे पहाटे पारा १० अंशांच्या खाली जातो आणि दुपारी मात्र शर्टही नकोसा होतो. त्यामुळे एक जाड जॅकेट नेण्यापेक्षा काढता-घालता येतील असे दोन-तीन पातळ थर घ्या. कानटोपी घ्या.

पायात बंद, कडक पुढ्याचे बूट. चपला, सँडल, जाळीचे स्पोर्ट शूज चालणार नाहीत. घोड्याचं वजन तीन-चारशे किलो असतं आणि तो पाय कुठे टेकवतो हे त्याला दिसत नाही. फडफडणारी ओढणी, पदर, लांब स्कार्फ बांधून ठेवा किंवा नकोच. खूप चकचकणारं, वाऱ्यावर हलणारं काही अंगावर नको. छत्री अजिबात नको. दावणीजवळ उघडलेली एक छत्री चार घोडे उधळवू शकते. चुरचुर वाजणारी प्लॅस्टिकची पिशवीही खोलीवरच ठेवा.

बाकी: पाण्याची बाटली प्रत्येकी एक, रुमाल किंवा मास्क, साबणाच्या कागदी पट्ट्या, जखमेवर लावायचं औषध, छोटी विजेरी. रोख पैसे सुट्ट्यांसह ठेवा, कारण गर्दी वाढली की मोबाइलचं नेटवर्क गळपटतं आणि फोनवरून पैसे जात नाहीत. त्याच कारणासाठी चुकामूक झाली तर कुठे भेटायचं हे सकाळीच ठरवा. मंदिराचा दरवाजा ही भेटीची जागा ठेवू नका, तिथे रांग असते. पार्किंगमधली आपली गाडी हे जास्त बरं.

६. पहिली सकाळ

साडेपाचला उठा, चहा घ्या, पोटभर खाऊ नका. साडेसहाला मैदानात. पहिला अर्धा तास कुठल्याही घोड्याजवळ जायचं नाही. हे मी फार मनापासून सांगतो आहे. मैदानाच्या कडेने एक पूर्ण फेरी मारा आणि तीन गोष्टी टिपून घ्या: घोडे पाण्याला कुठून नेतात, रपेटीची मोकळी जागा कुठे आहे, आणि गाड्यांमधून घोडे कुठे उतरवतात. या तीन वाटांवर गप्पा मारत उभं राहणं सगळ्यात धोक्याचं. गाडीतून उतरणारा घोडा रात्रभराच्या प्रवासाने अवघडलेला, बावरलेला असतो. फळीवरून उतरताना तो कुठे उडी मारेल हे त्याच्या मालकालाही सांगता येत नाही.

फेरी झाली की मग दावणीच्या बाजूला या. बांधलेल्या घोड्याला पुढून अगाडी आणि मागच्या पायांना पिछाडीचे दोर असतात. पिछाडीचे दोर बरेच मागे, जमिनीलगत ताणलेले असतात आणि धुळीत दिसत नाहीत. माझा मेहुणा अशाच दोराला अडखळला, दोर हिसकला, घोड्याने लाथ झाडली. मांडीवर ओझरती लागली म्हणून निभावलं, तरी पंधरा दिवस तो धड बसू शकत नव्हता. दोन दावणींमधून जाताना नजर खाली ठेवा आणि मागच्या बाजूने जायचंच झालं तर दहा फूट अंतर सोडून जा.

हीच खरारा बघण्याची वेळ. मोतद्दार, म्हणजे घोडा सांभाळणारा माणूस, आधी कोरड्या हाताने अंग चोळतो, मग खरारा फिरवतो, खूर उचलून साफ करतो. उत्तरेकडचे लोक त्याला सईस म्हणतात. दहा मिनिटं गप्प उभं राहून बघा. घोडा त्या माणसाशी कसा वागतो यावरून त्याचा स्वभाव कळतो. खूर सहज देतो का, कान कुठे आहेत, तोंड हिसकतो का. दुपारी सजवून उभ्या केलेल्या घोड्यात यातलं काहीच दिसत नाही.

तपासा: मोबाइलचा फ्लॅश बंद आहे का? आत्ता बंद करा, मग विसरायला होतं. ड्रोन आणला असेल तर तो गाडीतच राहू द्या. डोक्यावर घोंगावणारी वस्तू घोड्याला सहन होत नाही.

७. घोड्याजवळ जाण्याचा क्रम

आधी माणसाला हाक मारा, मग घोड्याला. ‘‘राम राम भाऊ, बघू का जवळून?’’ एवढं पुरतं. वयस्कर असतील तर काका, नाना, बापू. पंजाबी घोडेवाल्याला सरदारजी म्हटलं की ते मोकळेपणाने बोलतात. ‘हो’ आल्याशिवाय दोराच्या आत पाऊल नाही.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्याला जवळजवळ चोहीकडचं दिसतं, पण दोन जागा आंधळ्या: शेपटीच्या थेट मागे आणि कपाळाच्या थेट समोर. म्हणून समोरून चेहऱ्याकडे हात नेत जाणं ही दुसऱ्या नंबरची चूक. पहिल्या नंबरची मागून जाण्याची. डाव्या बाजूने, खांद्याच्या दिशेने, हळू बोलत जा. घोड्याला डावीकडून हाताळून घ्यायची सवय असते, लगामही तिकडूनच घालतात आणि स्वारही तिकडूनच चढतो. तो आवाजाकडे कान वळवेल, तेव्हा थांबा. हात पालथा, खाली ठेवा, त्याला वास घेऊ द्या. मग खांद्यावर किंवा मानेवर तळहात टेकवा. नाकावर थोपटू नका, बहुतेक घोड्यांना ते आवडत नाही.

कान मागे चिकटवले, शेपूट झटकली, मागचा एक पाय उचलून धरला, डोळ्याचा पांढरा भाग दिसू लागला, यातलं काहीही झालं की शांतपणे, पाठ न फिरवता बाजूला या. पळू नका.

खाऊ घालू नका. गूळ, साखर, केळं, गाजर, लग्नातल्या घोड्याला घालतात ती डाळ, काहीच नाही. घोड्याला उलटी होत नाही. पोटात गेलेलं चुकीचं अन्न बाहेर टाकायचा मार्गच त्याच्याकडे नसतो आणि साधा वाटणारा पोटशूळ जिवावर बेततो. दिवसभरात दोनशे माणसांनी प्रेमाने एकेक घास दिला तर त्या जनावराचं काय होत असेल याचा विचार करा.

इथे येणाऱ्यांत नर घोडे पुष्कळ असतात आणि दावणीत घोड्याही असतात. मोठ्याने खिंकाळत, मान उंचावून, माती उकरणारा नर दिसला तर तो ‘नाचतो आहे’ असं समजून व्हिडिओ काढायला पुढे सरकू नका. शिंगरू जवळ असलेली घोडी तर त्याहून सावध असते. शिंगरू कितीही गोंडस असो, आईच्या आणि त्याच्या मध्ये कधीच उभं राहू नका.

थांबा: मुलांना खांद्यावर बसवून दावणीजवळ नेऊ नका. त्या उंचीवर मूल थेट घोड्याच्या तोंडासमोर येतं.

८. बघायचं काय

इथे वेळ घाला. नुसते ‘काळा घोडा, पांढरा घोडा’ बघून परत येणाऱ्यांना बाजार हातातून निसटतो.

कान बघा. टोकं आत वळलेली आणि एकमेकांकडे झुकलेली असतील तर जनावर मारवाडी किंवा काठियावाडी. काठियावाडीचं नाक किंचित आत दबलेलं, कपाळ रुंद आणि बांधा थोडा आखूड. मारवाडी उंच, मान लांब. पांढराशुभ्र, गुलाबी कातडीचा तो नुकरा. लग्नाच्या वरातीत मागणी असल्यामुळे त्याच्याभोवती गर्दी असतेच. आपल्या दख्खनचं भीमथडी तट्टू दिसलं तर जरूर थांबा. लहानखुरं, काटक, धनगरांच्या वाटचालीत ओझं वाहणारं हे जनावर. मोठ्या घोड्यांच्या गर्दीत त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही.

रंगांचे शब्द कानावर पडतील ते ओळखून ठेवा. कुमैत म्हणजे तांबूस-तपकिरी, मुश्की म्हणजे काळा, अबलख म्हणजे दोन रंगांचे मोठे डाग असलेला, आणि पंचकल्याणी म्हणजे चारही पाय व कपाळ पांढरं. अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांवरून शुभ-अशुभ ठरवतात आणि त्यावर किंमत हजारोंनी वरखाली होते. मी स्वतः भोवरा मानत नाही. पाय आणि खूर सरळ असतील तर भोवरा कुठेही असो. पण घोडेवाल्याशी त्यावरून वाद घालू नका, त्याचं सांगणं ऐकून घ्या.

उंची खांद्याच्या उंचवट्यापाशी, म्हणजे आयाळ जिथे संपते तिथे मोजतात, डोक्यापर्यंत नाही. इथे ती इंचांत सांगतात. मारवाडी साधारण ५६ ते ६४ इंचांत बसतो. ‘‘सदुसष्ट इंच’’ असं ऐकलं की मोजपट्टी कुठे टेकवतात ते आधी बघा. जमीन सपाट आहे का, तेही.

वय दातांवरून. पुढचे मधले दुधाचे दात अडीचाव्या वर्षी, त्यांच्या शेजारचे साडेतीनला आणि कडेचे साडेचारला पडून पक्के दात येतात. पाचव्या वर्षी तोंड भरतं. त्यानंतर दातांच्या खळग्यांची झीज बघून अंदाज बांधतात, आणि आठ-नऊच्या पुढे तो अंदाजच राहतो. तोंड स्वतः उघडायचा प्रयत्न करू नका. दाखवायला सांगा.

चाल बघायची तर रेवाल नावाची चाल शोधा. एकाच बाजूचे पुढचा-मागचा पाय जोडीने पडतात, पाठ हलत नाही, स्वाराला हिसका बसत नाही. ती बघायला मागे किंवा पुढे नको, धावपट्टीच्या कडेला, अंतर राखून उभे राहा.

९. शर्यती आणि नाच

स्पर्धेच्या वेळी लोक दोरीच्या आत घुसतात. घुसू नका. शर्यतीचा घोडा शेवटच्या रेषेवर थांबत नाही, पुढे बराच जातो. म्हणून शेवटच्या रेषेपलीकडची जागा रिकामी दिसली तरी ती उभं राहण्याची नव्हे.

नाचाबद्दल एक गोष्ट मनापासून. ढोलाच्या तालावर पाय उचलणारा घोडा बघायला छान वाटतो, पण त्याच्या तोंडाकडेही बघा. ओठांच्या कडेला जखम, रक्ताळलेली लाळ, लगामाला टोचे असतील तर तिथे टाळ्या वाजवून पैसे उधळू नका. काटेरी लगाम वापरायला ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांच्या छळाविरुद्धच्या १९६५ च्या नियमांनी बंदी आहे. मैदानावर पशुवैद्यकीय पथक असतं, त्यांच्या कानावर घाला. ज्या घोड्याची म्होरकी सैल आहे आणि जो नुसत्या आवाजावर चालतो, त्याच्या मालकाला मात्र भरभरून दाद द्या.

१०. किंमत विचारताना आणि विकत घ्यायचं मनात आलं तर

‘‘केवढ्याला?’’ हा प्रश्न गंमत म्हणून विचारू नका. तो विचारला की घोडेवाला घोडा सोडतो, चालवून दाखवतो, त्याची दहा-पंधरा मिनिटं जातात. बघायला आलो आहोत हे आधीच सांगा, तरी बहुतेकजण प्रेमाने माहिती देतात. कोटीच्या किमतीचे जे घोडे बातम्यांत झळकतात, त्यांतले बरेच विकायला आणलेलेच नसतात. त्यांचं वंशवर्धनाचं मोल मालकाला दाखवायचं असतं.

ठाण्या-नवी मुंबईतल्या ज्या वाचकांची मुरबाड, शहापूर, कर्जतकडे शेतजमीन आहे त्यांना पहिल्याच भेटीत घोडा घ्यायचा मोह होतो. माझं स्पष्ट मत: पहिल्या वर्षी नाही. घोड्याला दिवसाला २५ ते ४० लिटर पाणी लागतं, रोज चालवावं लागतं, दर दीड-दोन महिन्यांनी खुरांचं काम करावं लागतं. एप्रिलमध्ये टँकर येणाऱ्या फार्महाऊसवर, शनिवार-रविवारी भेटायला येणाऱ्या मालकाने ते जमवायचं कसं? आधी माणूस, पागा, चारा, नालबंद (नाल ठोकून खूर नीट ठेवणारा) आणि घोड्यांचं कळणारा पशुवैद्य शोधा. हे पाचही हाताशी असतील तर पुढच्या वर्षी या.

तरीही घेणारच असाल तर क्रम असा ठेवा. निवडलेला घोडा पहिल्या दिवशी सकाळी थंड असताना बघा, पुन्हा संध्याकाळी बघा. कडक जमिनीवर सरळ रेषेत दुडक्या चालीने चालवायला लावा. लंगडणं मऊ धुळीत लपतं, कडक जमिनीवर लपत नाही. ‘घोडी गाभण आहे’ या शब्दावर जादा पैसे देऊ नका, पशुवैद्याकडून तपासून घ्या. ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाच्या तपासणीचा अहवाल हातात आल्याशिवाय इसारही नको. हा रोग घोड्यातून माणसालाही होतो आणि २००९ च्या प्राणी रोगनियंत्रण कायद्यात तो नोंदलेला आहे. हिस्सारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र या चाचण्या करतं. अहवालावरचं वर्णन, रंग, खुणा समोरच्या घोड्याशी जुळतात का, हे स्वतः बघा. पावती घ्या, तिच्यावर घोड्याच्या खुणा लिहून घ्या, वाहतुकीसाठी आरोग्य दाखला घ्या.

साजाच्या दुकानांत खोगीर, लगाम, घुंगरू, तंग छान मिळतात. शोभेची वस्तू म्हणून घ्यायला हरकत नाही. पण वापरायचं खोगीर घोड्याच्या मापाशिवाय घेऊ नका.

११. दुपार, नदी आणि परतीचा रस्ता

अकरा ते चार हा वेळ दर्शन, जेवण आणि झोपेसाठी. भरीत, कळण्याची भाकरी, शेवभाजी मागवा, पण तिखट कमी सांगून. नंदुरबारची मिरची ठाण्यातल्या जिभेला पेलत नाही. तापीवर बंधारा असल्यामुळे पात्रातलं पाणी खोल असतं. मुलांना काठावर खेळायला सोडू नका.

चारला पुन्हा मैदानात, आणि अंधार पडायच्या आत बाहेर. रात्री दिवे, भोंगे आणि गर्दी यांनी घोडेही बेचैन होतात.

परतीला निघण्यापूर्वी बुटांचे तळवे घासून धुवा, कपडे वेगळ्या पिशवीत बांधा. घरी आल्यावर ते वेगळे धुवा. आपल्या भागात कुठे घोडेस्वारी शिकायला जात असाल तर तेच बूट घालून निदान आठवडाभर तिथल्या पागेत पाऊल टाकू नका. बाजारात कुठल्या जनावराला काय होतं हे आपल्याला माहीत नसतं. यानंतर आठ-दहा दिवसांत ताप, अंगावर गाठी किंवा न भरणारी जखम दिसली तर डॉक्टरांकडे जा आणि घोड्यांच्या बाजारात जाऊन आल्याचं त्यांनी विचारायच्या आधी स्वतःहून सांगा.